दुखणं पायाला, नळी पाठीला

"गुडघ्याखालून काढावा लागेल," मोठे डॉक्टर म्हणाले, आणि मला वाटलं ते शेजारच्या खाटेवरच्या माणसाबद्दल बोलताहेत. मी मान वळवून त्याच्याकडे बघितलंसुद्धा. तो बिचारा अंतर्गळाचं ऑपरेशन झालेला, दोन्ही पाय पसरून मजेत पडला होता. मग मोठ्या डॉक्टरांनी हातातली पेन्सिल माझ्या उजव्या पोटरीला लावली आणि आडवी रेघ ओढल्यासारखं केलं. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला की कापायचा पाय माझा आहे.

मी वेल्ह्याच्या पोस्टातला टपालवाला. संस्थानं विलीन झाली त्याला सात-आठ वर्षं होऊन गेली होती, तेव्हाची ही गोष्ट. तोरण्याच्या पायथ्याच्या वाड्यावस्त्यांना पत्रं पोचवायची, ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवायची, आणि त्यानं सांगितलेलं उत्तर तिथंच दगडावर बसून लिहून घ्यायचं. धनगरांच्या वस्तीवर तर ताक प्यायल्याशिवाय उठू द्यायचे नाहीत. दिवसाला दहा-बारा मैल सहज व्हायचे. त्या दोन पायांवर माझा सगळा संसार. त्यातला एक काढल्यावर मी काय, बाजारात बसून पत्रं डोंगरावर भिरकावणार होतो?

ज्यांच्यावर अशी पाळी येईल त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. त्या दिवसांत मला कुणी नीट सांगितलं नाही, की सांगितलं आणि मला समजलं नाही, देव जाणे. आजही सगळं समजलंय असं नाही. जे समजलं ते सांगतो आणि जे नाही समजलं तेही सांगतो.

सुरुवात पोटरीपासून झाली. चढावर दोन फर्लांग गेलो की पोटरीत गोळा यायचा. बसलो की पाच मिनिटांत जायचा. उठून चाललो की परत दोन फर्लांगांवर हजर. लोक हसायचे. "काय टपालवाले, चौतिशीतच म्हातारं झालात व्हय?" मीही हसायचो आणि बसलोच आहे तर एक विडी पेटवायचो. त्या वेळी कुणी सांगितलं असतं की बाबा, हीच विडी तुझा पाय खातेय, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मग पावलात कळा सुरू झाल्या. पाय खाली सोडला की बरं वाटायचं, वर घेतला की जीव जायचा. अंगठ्याला भेग पडली. मला लहानाचं मोठं केलं ते माझ्या आत्तीनं, म्हणजे वडिलांच्या बहिणीनं. तिचं सासर मार्गासनीचं. तिनं आपल्याकडची पद्धत केली. बिब्बा तापवून त्याचं तेल भेगेत सोडलं. आपण सगळेच करतो. टाचेच्या भेगा मी तशाच बऱ्या केलेल्या. पण या वेळी अंगठा लाल झाला, मग निळा, मग टोकाला काळा. वेल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बघितलं, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "उद्याची पहिली एसटी धरा. पुण्याला जा."

बायकोला सातवा महिना लागलेला. म्हणून माझ्याबरोबर आत्ती आली. साठीची बाई, पण आवाज असा की नदीच्या अलीकडून हाक मारली तर पलीकडचा गुराखी थांबायचा. एसटीत नसरापूरपर्यंत तिनं कंडक्टरला तीनदा दम दिला, "सावकाश हाण रं, माझ्या लेकराचा पाय दुकतोय!" गाडी चालवणारा ड्रायव्हर होता, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

पुण्यातल्या इस्पितळाचं नाव लिहीत नाही. मोठं होतं, दगडी होतं, आणि तिथं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाठवण्याची फार हौस होती. रक्त इथं, लघवी तिथं, एक्स-रे म्हणजे हाडांचा फोटो तिसरीकडं. प्रत्येक दारात बाकडं, बाकड्यावर माणसं, आणि प्रत्येकजण दुसऱ्याला विचारतोय की आपण बरोबर बाकड्यावर बसलोय का. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी पेन्सिल पोटरीला लागली.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली, ती सांगणं जरूर आहे. मोठ्या डॉक्टरांनी अंगठा बघून विचारलं, "हे भाजलंय कशानं?" आत्ती पुढं होऊन म्हणाली, "बिब्बा घातला व्हता, म्या." डॉक्टर सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं कडाडले, "पायात रक्त नाही आणि वर बिब्बा! कुणी शिकवला हा शहाणपणा? रोग्यापेक्षा नातेवाईकांचाच उपद्रव जास्त!" आत्तीनं पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडं तोंड करून बसली. त्या बाईला असं गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. मला डॉक्टरांचा संताप आला, पण ज्याच्या हातात आपला पाय त्याच्याशी भांडणार कसं?

दुपारी दुसरे एक डॉक्टर आले. ऑपरेशनच्या आधी भूल देतात ते. आम्ही त्यांना भूलवाले डॉक्टरच म्हणायचो. बारीक अंगाचे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्याशी बोलायला बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी बसून बोललं.

"तुमच्या आजाराला थ्राँबो-अँजायटिस म्हणतात," ते म्हणाले. "पायाकडं रक्त नेणाऱ्या नळ्या आतून सुजतात आणि बुजतात. पाटात गाळ साचला की खालचं शेत वाळतं, तसं. अंगठ्याला झालंय ते गँगरीन, म्हणजे मांस मरून सडणं. हे बहुतेक विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना होतं."

"विडी तोंडात आणि सड पायात?" मी म्हणालो.

"हो. का ते आम्हालाही पुरतं माहीत नाही." डॉक्टरला माहीत नाही हे डॉक्टरच्याच तोंडून ऐकून माझा गोंधळ आणखी वाढला. ते पुढं म्हणाले, "काही नळ्या बुजल्यात, पण काही नुसत्या आकसल्यात. त्यांना आवळून धरणाऱ्या नसा पाठीच्या कण्यातून निघतात. त्या नसा चार-सहा दिवस बधिर ठेवल्या तर नळ्या सैल पडतील, पायाला रक्त मिळेल, दुखणंही थांबेल. पाय गरम झाला तर त्या नसाच कायमच्या तोडायचं छोटं ऑपरेशन करता येतं. मग अंगठ्यावर भागेल. पाय वाचेल. पण पुन्हा विडी ओढलीत तर मी काय, ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही."

"आणि बधिर कसं करणार?"

"पाठीत बारीक नळी घालून. तिला कॅथेटर म्हणतात. ती आत ठेवायची आणि बाहेरच्या टोकातून दर काही तासांनी औषध सोडायचं."

भिंतीकडं तोंड करून बसलेल्या आत्तीला आता राहवेना. "आग रामेश्वरी आन् बंब सोमेश्वरी!" ती म्हणाली. "पाय सडतोय पोराचा, आन् तुमी पाठीत नळी घालताय व्हय?"

खरं सांगू? माझ्याही मनात तेच होतं. पण एकीकडं पेन्सिलीची रेघ होती. मी हो म्हणालो.

पहिली नळी दुसऱ्या दिवशी सकाळी घातली. गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर निजवलं. आधी जाड सुई, मग सुईच्या पोकळीतून नळी, मग सुई काढून घेतली आणि नळी आत राहिली. नळी ठेवतात त्या जागेला एपिड्युरल म्हणतात. मणक्याच्या पोकळीत मज्जारज्जूची पिशवी असते, तिच्या बाहेर आणि हाडाच्या आत अगदी थोडी फट असते, ती ही. पिशवीला भोक पडता कामा नये. औषध सोडलं आणि पंधरा मिनिटांत कळा थांबल्या. किती महिन्यांनी थांबल्या! मी रडलो, सरळ सांगतो. त्यात लाज कसली?

पण संध्याकाळच्या औषधाला वेगळंच घडलं. जिभेवर तांब्याची चव आली, कानात घंटा घणघणायला लागली, खाट फिरायला लागली. आत्ती ओरडली, "पोराला इख दिलं!" भूलवाले डॉक्टर धावत आले, पिचकारीचा दट्ट्या मागं ओढला तर नळीत रक्त. नळीचं टोक आतल्या शिरेत घुसलं होतं आणि औषध थेट रक्तात चाललं होतं. त्यांनी ताबडतोब नळी काढली. काढलेली नळी त्यांनी मला दाखवली. रेशमी विणीची, वरून रोगण चढवलेली, ताठ. मूळची ती लघवीच्या वाटेसाठी केलेली. पाठीसाठी वेगळी नळी मिळतच नव्हती, म्हणून सगळीकडं तीच वापरत. टोक बोचरं होतं.

मोठे डॉक्टर म्हणाले, "झाले प्रयोग? सोमवारी टेबलावर घेऊ." भूलवाले डॉक्टर म्हणाले, "मला आणखी एक संधी द्या." दोघं इंग्रजीत बराच वेळ बोलले. मी एकाच्या तोंडाकडं बघायचो आणि मग दुसऱ्याच्या. पाय माझा, आणि भांडणातला एक शब्द मला कळत नव्हता.

दोन दिवस कळा परत आल्या. त्या दोन दिवसांत ड्रेसिंगच्या खोलीत मी एक गोष्ट बघितली. खिडकीपाशी भूलवाले डॉक्टर स्पिरिटचा दिवा लावून बसले होते. हातात प्लॅस्टिकची मऊ, पांढरट, सुतळीपेक्षाही बारीक नळी. तिचं टोक ज्योतीपाशी नेऊन ते वितळवून बंद करायचे आणि बोटानं गोल करायचे. मग तापलेल्या सुईनं बाजूला एक भोक. टोक गालाच्या आतल्या बाजूला लावून बघायचे. बोचलं की नळी टाकून द्यायचे, नाही बोचलं तर जंतू मारायच्या औषधात बुडवायचे. खाली टाकलेल्या तुकड्यांचा ढीग झाला होता.

"टोक बंद केलंत, तर औषध जाणार कुठून?" मी विचारलं.

"बाजूच्या भोकातून. टोक गोल आणि बंद असलं की ते शिरेत घुसत नाही, पिशवीलाही भोक पाडत नाही." मग त्यांनी नळीवरच्या काळ्या कड्या दाखवल्या. इंचाइंचावर न पुसणाऱ्या शाईनं काढलेल्या. "यावरून किती आत आहे ते बाहेरून मोजता येतं. आणि काढल्यावर गोल टोक दिसलं की नळी पुरी बाहेर आली, आत तुकडा राहिला नाही, हे नक्की. सुई पाठीत असताना तिच्यातून नळी मागं ओढली तर सुईच्या धारेनं ती कापली जाऊ शकते, म्हणून ती कधी ओढायची नाही. परत काढायचीच झाली तर सुई आणि नळी एकदमच काढायची." सहा महिने ते या नळीच्या मागं होते म्हणे. मला सगळं पटलं असं नाही. पण जो माणूस आधी स्वतःच्या गालाला लावून बघतो त्याच्यावर विश्वास टाकावा, असं वाटलं.

ही मऊ नळी घातली आणि खरोखर फरक पडला. कानात घंटा नाही, चव नाही. बाहेरचं टोक कमरेपाशी रुंद चिकटपट्टीखाली चिकटवलं होतं. सिस्टर येऊन त्यातून औषध सोडायची. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून डोळा लागला, जागा झालो, तर उजव्या बाजूला काहीच नाही! चादरीखाली पाय आहे की नाही ते कळेना. मला वाटलं, झोपेत भूल देऊन कापला की काय यांनी, आणि आता सांगायला घाबरताहेत! चादर ओढून फेकली. पाय होता. हात लावला तर कुणा परक्याचा पाय चाचपतोय असं वाटलं. पण गरम होता! किती महिन्यांनी ते पाऊल गरम होतं. आत्तीनं दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "भाकरीवानी ऊन झालंय रं!" तिला शेक द्यायचा होता, आणखी ऊन व्हावं म्हणून. सिस्टरनी हात धरून थांबवलं. बधिर पायाला चटका बसला तरी कळत नाही. हे मात्र लक्षात ठेवा, कुणाचंही अंग बधिर असेल तर शेकायचं नाही.

मोठे डॉक्टर आले, पाऊल चाचपलं, "हं" म्हणाले आणि गेले. त्या एका "हं" वर आम्ही दोन दिवस आनंदात काढले.

मग सगळं बिघडलं. चौथ्या दिवशी भूलवाले डॉक्टर कामासाठी मुंबईला गेले. दुपारी मी कुशीवर झोपलो होतो. जाग आली तेव्हा पाठ हलकी वाटत होती, ओव्याचा वास येत होता आणि कमरेभोवती आत्तीच्या लुगड्याचा धडपा गुंडाळलेला होता. "गार वारं लागतंय म्हून बांदलं," ती म्हणाली. मी परत डोळे मिटले. संध्याकाळी पायात पहिली कळ आली. सिस्टरनी औषध सोडलं. फरक नाही. मोठ्या डॉक्टरांच्या हाताखालच्या धाकट्या डॉक्टरांनी परत सोडलं. फरक नाही. चादर ओली झाली. त्यांना वाटलं घामानं. सकाळपर्यंत पाऊल थंड पडलं.

मला काहीच उमजेना. काल चालणारं औषध आज का चालत नाही? औषध शिळं झालं? माझी सवय झाली? की पाय आतून मेलाच? मी धाकट्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "असं होतं कधी कधी." असं म्हणजे कसं? डोकं फिरायची पाळी आली. पाय दुखत होता त्यापेक्षा हे न समजणंच जास्त दुखत होतं.

मोठे डॉक्टर सकाळच्या फेरीला आले. पावलाला हात लावला. "उपाय लागू पडत नाही. आता वाट बघणं म्हणजे सड वर चढू देणं. उद्या सकाळी काढू." धाकट्या डॉक्टरांनी कागद पुढं केला. ऑपरेशनला माझी संमती आहे, असं लिहिलेलं. जन्मभर मी लोकांना कागद वाचून दाखवले आणि सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं. आता माझ्या कागदावर मला कुणी तरी बोट ठेवून दाखवत होतं. मी टाक हातात घेतला. काय करणार? जीव तरी राहील.

"थांब!" आत्ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की शेजारचा अंतर्गळवाला उठून बसला. तिनं माझ्या हातातला टाक हिसकावून घेतला. "सई करू नगंस, शंकऱ्या. म्या केलंय. माजंच पाप हाय."

"काय केलंस?"

ती सांगायला लागली. "दोन आठवडं झालं तू पडून हाइस. पाठीला गाठी झाल्या आसतील म्हून करडईचं त्याल ऊन केलं, ववा टाकून. सयपाकघरातल्या बाईकडनं ऊन करून आनलं. तू निजला व्हतास. चोळलं. तर ती पट्टी सुटून हातात आली, आन् तिच्यासंगं नळी. म्या भ्याले. परत पट्टीखाली दडपली, तर पट्टी चिटकंना. म्हून धडपा गुंडाळला." मग ती मोठ्या डॉक्टरांकडं वळली आणि हात जोडले. "तुमी बिब्ब्यापायी समद्यांम्होरं बोललासा. म्हून सांगायची छाती झाली न्हाई. मला काय बी करा सायेब, पन त्याचा पाय कापू नगा. औषीद पाठीत गेलंच न्हाई, चादरीत गेलं."

मला तिचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटतं ते मला विचारू नका.

मोठ्या डॉक्टरांनी धडपा बाजूला करून बघितलं. मग धाकट्या डॉक्टरांना एवढंच म्हणाले, "ओलं कशानं झालं ते बघितलं का नाही?" आणि कागद घेऊन खिशात घातला. सही घेतली नाही, पण फाडलाही नाही. भूलवाल्या डॉक्टरांना तार गेली.

ते दुसऱ्या दिवशी स्टेशनवरून थेट वॉर्डात आले. नळी हातात घेऊन खिडकीपाशी गेले. मी त्यांच्या बोटांकडं बघत होतो, कारण धाकट्या डॉक्टरांनी तोपर्यंत नवीनच भीती घातली होती, की ओढाओढीत नळीचा तुकडा पाठीत राहिला असला तर? भूलवाल्या डॉक्टरांनी टोक बोटांत फिरवलं, भिंग लावलं, काळ्या कड्या मोजल्या. "गोल टोक शाबूत आहे. कड्या पुऱ्या आहेत. आत काही राहिलेलं नाही," ते म्हणाले. जुन्या नळीत हे असं खात्रीनं सांगता आलं नसतं.

मग त्यांनी आत्तीला हाक मारली. ती खाटेखाली जायच्या बेतात होती. "आत्याबाई, तेल किती चोळलंत?"

"वंजळभर," ती पुटपुटली.

ते कपाळाला हात लावून हसायला लागले. "मी सहा महिने आतल्या टोकाचा विचार केला. बाहेरच्या टोकाचा केलाच नाही. चिकटपट्टी तेलानं सुटते, आणि घराघरांत आजाऱ्याच्या पाठीला तेल लावतात. हे मला सुचायला हवं होतं. चूक तुमची एकटीची नाही."

तिसरी नळी त्यांनी वेगळ्या तऱ्हेनं बसवली. जिथं कातडीतून बाहेर येते तिथं रेशमाच्या धाग्यानं टाका घालून तिला बांधलं, मग पाठीवरून खांद्यावर आणि खांद्यावरून छातीवर आणलं. औषध सोडायचं टोक माझ्या डोळ्यांपुढं. वर चिकटपट्टी नाही, आडवा-उभा पट्टा गुंडाळला. टाक्यापाशी एक खिडकी ठेवली आणि आत्तीला दाखवलं, "इथं बाहेर चार कड्या दिसल्या पाहिजेत. तीन झाल्या किंवा पाच झाल्या की मला हाक मारायची. ही तुमची नोकरी."

मोठ्या डॉक्टरांनी चार दिवस दिले. "पाय गरम राहिला तर कागद परत देईन," ते म्हणाले. आत्तीनं ते चार दिवस जमिनीला पाठ लावली नाही. तासातासाला पट्टा बाजूला करून मोजायची, "येक, दोन, तीन, च्यार. हायत!" सिस्टर हसायची, शेजारचा हसायचा. एकदा मोठे डॉक्टर फेरीला आले तर त्यांनाही तिनं न विचारता सांगितलं, "च्यार हायत, सायेब." ते म्हणाले, "ठीक आहे, आत्याबाई." तिला त्यांनी आत्याबाई म्हटलं, याचं मला पाय गरम झाल्याइतकंच बरं वाटलं.

पाय गरम राहिला. अंगठ्याचा काळा भाग जिथल्या तिथं वाळला, मधे रेघ पडली. डॉक्टर म्हणाले, ही रेघ म्हणजे शरीरानंच हद्द आखली. पुढच्या आठवड्यात नसा तोडायचं ऑपरेशन झालं. त्याला सिंपथेक्टमी म्हणतात. पाठोपाठ अंगठा काढला. संमतीचा जुना कागद मोठ्या डॉक्टरांनी माझ्या हातात दिला. मी तो दोनदा वाचला आणि फाडला.

विडी सुटली का विचाराल. सुटली, पण सुखासुखी नाही. पहिलं वर्षभर मी ज्याच्यात्याच्यावर खेकसत होतो. बायको म्हणाली, पाय वाचला पण तोंड गेलं. पोस्टानं मला जवळच्या गावांची फेरी दिली. थोडा लंगडतो, चढावर थांबतो, पण चालतो. धाकटी पोरगी झाली तिला पोस्टात नेऊन सगळ्यांना पेढे मीच वाटले.

तुमच्यावर ही पाळी आली तर एवढंच सांगतो. डॉक्टरांना विचारा, पुन्हा विचारा, आणि जे केलं असेल ते सांगा. बिब्बा, तेल, अंगारा, काहीही. आणि डॉक्टरहो, तुम्ही हे वाचत असाल तर विनंती आहे. म्हाताऱ्या माणसांना चारचौघांत बोलू नका. त्या भीतीनं माणसं गप्प बसतात, आणि गप्प बसण्यानं पाय जातात. भूलवाल्या डॉक्टरांचे उपकार मी फेडू शकत नाही. पण एकट्या नळीनं माझा पाय वाचवला असं मी म्हणणार नाही. सगळ्या वॉर्डापुढं स्वतःची चूक सांगायला जी छाती लागते, ती माझ्यात नव्हती. आत्तीत होती.

गेल्या माघात आत्ती गेली. दोन दिवसांचा ताप. मी वेल्ह्याहून मार्गासनीला पोचलो तेव्हा तिला उचलायची तयारी झाली होती. तिथून नदीपर्यंतची वाट उताराची, दगडगोट्यांची. भावकीतले म्हणाले, "शंकरराव, तुमचा पाय आधू. तुमी मागनं या." मी ऐकलं नाही. पुढच्या बाजूला उजवा खांदा लावला. वाटेत दोघांनी विचारलं, खांदा बदलू का. मी नाही म्हणालो, आणि नदीपर्यंत तिला चालत घेऊन गेलो.